रुसवा आणि अनुदान

दिवाळसणाला आलेला जावई मनासारखी भेट मिळाली नाही म्हणून रुसून ताटावरून उठतो, पण परतीचे तिकीट सासऱ्यांनीच काढावे अशी त्याची अपेक्षा असते. संघराज्यातून फुटायची भाषा करणाऱ्या आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या राज्यांकडे जग साधारण याच नजरेने पाहते. टेक्सासमध्ये वादळानंतर केंद्राची मदत पोहोचली की तिथल्या फुटीरवाद्यांची अशी थट्टा होते. थट्टा सोपी आहे. पण ज्याचा खर्च केंद्राच्या पैशावर चालतो, त्यालाच वेगळे व्हावेसे का वाटते, हा प्रश्न तिने सुटत नाही.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘वाटणी’ ठरला, तेव्हा घराच्या, जमिनीच्या आणि पाण्याच्या वाटणीवर लेख येणार हे उघड होते. तसे ते आले, आणि उत्तम आले. राज्यांच्या वाटणीचा भाग संपादकीयाकडे राहिला. त्यासाठी मी ऑस्ट्रेलियातले एक जुने प्रकरण निवडले आहे. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालेली नाही, आणि व्हायला हवी होती.

पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या आठपट आहे. १९३३ मध्ये तिथली लोकसंख्या मात्र साडेचार लाखांच्या आत होती. मेलबर्न आणि सिडनी वाळवंटापलीकडे. १९०१ मध्ये सहा वसाहतींचे संघराज्य झाले, त्यात ही वसाहत सर्वांत शेवटी आली. इतकी शेवटी, की राज्यघटनेच्या कायद्याच्या प्रस्तावनेत इतर पाचांची नावे आहेत आणि हिचे नाही. आली तीही कालगुर्ली आणि कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर पूर्वेकडून आलेल्या लोकांच्या रेट्यामुळे. वसाहतीच्या राजधानीतले पर्थवाले संघात जाणार नसतील, तर आम्ही पर्थपासून वेगळे होऊन संघात जाऊ, अशी धमकीच त्यांनी दिली होती. म्हणजे फुटण्याची पहिली धमकी संघात जाण्यासाठी होती!

पुढची तीस वर्षे तक्रार एकच राहिली आणि ती पोकळ नव्हती. संघराज्याने आयातीवर भारी जकात बसवली. तिचा फायदा मेलबर्न-सिडनीच्या कारखान्यांना झाला. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याला गहू जगाच्या बाजारात, जगाच्या भावाने विकावा लागे. नांगर आणि यंत्रे मात्र देशी कारखान्यांकडून, जकातीमुळे चढलेल्या भावाने घ्यावी लागत. क्वीन्सलँडच्या ऊसवाल्यांसाठी बाहेरच्या साखरेला बंदी होती, त्यामुळे साखरही महाग. महामंदीत गव्हाचे भाव कोसळले, तेव्हा हा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ झाला.

केंद्र काही देतच नव्हते असे नाही. घटनेच्या ९६व्या कलमाने संसदेला कोणत्याही राज्याला, तिला योग्य वाटतील त्या अटींवर, मदत देता येत होती. त्यातून १९१० पासून या राज्याला वर्षाला अडीच लाख पौंड मिळू लागले, दरवर्षी दहा हजारांनी कमी होत जातील या बोलीवर. १९२५ मध्ये चौकशी आयोगाने पाहणी केली आणि रक्कम वाढली. त्याच आयोगाच्या एका सदस्याने तर लिहून ठेवले, की या राज्याने संघात यायलाच नको होते आणि आता खरा उपाय बाहेर पडणे हाच आहे. सरकारनेच नेमलेल्या माणसाचे हे मत!

मला इथे गोम दिसते. केंद्र जकातीच्या रूपाने घेत होते आणि अनुदानाच्या रूपाने देत होते. घेणे कायद्याने ठरलेले होते, देणे मर्जीवर होते. किती द्यायचे, का द्यायचे, कधी थांबवायचे, याचा नियमच नव्हता. दरवर्षी केंद्राच्या राजधानीत जाऊन गाऱ्हाणे मांडायचे आणि मिळेल ते घेऊन परतायचे. वर पूर्वेकडची मंडळी भिक्षेकरी म्हणणार. असे अनुदान घेणाऱ्याला बांधून ठेवत नाही, उलट डिवचते.

८ एप्रिल १९३३ रोजी सार्वमत झाले. फुटण्याच्या बाजूने १,३८,६५३ मते पडली, विरोधात ७०,७०६. पंतप्रधान जोसेफ लायन्स स्वतः प्रचाराला येऊन गेले होते, उपयोग झाला नाही. खाणींच्या भागाने तेवढा विरोध केला. गंमत पुढे आहे. त्याच दिवशी राज्याच्या विधानसभेचीही निवडणूक होती. फुटीचा पुरस्कार करणारे मुख्यमंत्री जेम्स मिचेल यांना मतदारांनी घरी बसवले आणि फुटीला विरोध करणाऱ्या फिलिप कॉलियर यांच्या मजूर पक्षाला निवडून दिले. मतदार गोंधळलेला होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो फार हुशार वाटतो. केंद्राला इशारा द्यायचा होता तो त्याने दिला, आणि मंदीत राज्य कोणी सांभाळायचे हेही वेगळे ठरवले.

नको असलेले काम कॉलियर यांना करणे भाग पडले. शिष्टमंडळ लंडनला गेले, डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे अर्ज ठेवला गेला, आणि १९३५ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीने तो दाखल करून घ्यायलाच नकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची संमती असल्याशिवाय त्या देशाच्या कारभारात हात घालणे आमचे काम नव्हे, असा तिचा निर्वाळा होता. फुटीची चळवळ तिथेच विरली.

ती केवळ लंडनच्या नकाराने विरली असे मात्र मला वाटत नाही. सार्वमताच्याच वर्षी केंद्राने कायदा करून एक स्वतंत्र अनुदान आयोग नेमला होता. फ्रेडरिक एगलस्टन त्याचे अध्यक्ष, आणि सदस्यांत गिब्लिन हे नामवंत अर्थतज्ज्ञ. पश्चिम ऑस्ट्रेलिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया ही तिन्ही राज्ये त्यांच्यापुढे एकच म्हणणे घेऊन आली: संघात येऊन आमचे नुकसान झाले, भरपाई द्या. आयोगाने १९३६च्या अहवालात हा भरपाईचा हिशेब बाजूला ठेवला. कोणाचे कशामुळे किती नुकसान झाले हे कधीच सिद्ध होणार नाही, हे त्याला कळले होते. त्याने गरज मोजायचे ठरवले. एखाद्या राज्याने वाजवी प्रयत्न करूनही त्याचा कारभार इतर राज्यांच्या फार मागे पडत असेल, तर तो फरक भरून निघेल इतके अनुदान द्यायचे. मोजमाप कसे केले तेही छापून जाहीर करायचे. त्यामुळे मिळकत वाढली की नाही यापेक्षा मोठी गोष्ट घडली: गाऱ्हाणे मांडायला एक जागा मिळाली.

पुढचे थोडक्यात सांगतो. केंद्राने १९३८ मध्ये लोहखनिजाच्या निर्यातीवर घातलेली बंदी १९६०च्या सुमारास उठली, पिल्बराच्या डोंगरांतून खनिज जहाजांवर चढू लागले आणि १९६८ नंतर या राज्याला विशेष अनुदानाची गरज उरली नाही. एका पिढीत घेणारा देणारा झाला. मग तक्रारही उलटली. वस्तू व सेवा कराच्या वाटणीत २०१५-१६ मध्ये त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात येणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे जेमतेम ३० सेंट मिळाले. पुन्हा आरडाओरडा झाला, आणि २०१८ मध्ये केंद्राने कायद्याने किमान हिस्सा ठरवून दिला, आधी ७० सेंट, पुढे ७५. त्यासाठी लागणारी जादा रक्कम केंद्राच्याच खिशातून जाते. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. श्रीमंत राज्यासाठी नियम वाकवला, की गरीब राज्याने त्या नियमावर का विसंबावे?

हे सगळे आपल्याला परके नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरच आहे. सगळा पैसा कलकत्त्यात गोळा होत होता आणि प्रांतांनी तो मागायचा, अशी रीत असताना जो अधिक ओरडेल त्याला अधिक मिळे, ही त्या काळाची स्थिती त्यात आली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनीच सांगितले, की हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा हक्क नाही. केंद्र आणि राज्यांतली कराची वाटणी सुचवणारा वित्त आयोग त्याच घटनेच्या २८०व्या कलमात आहे. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात. बाहेरचे दार बंद केले, तर आतली वाटणी नियमाने व्हायला हवी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जंतरमंतरवर धरणे धरले. १५व्या वित्त आयोगाने त्या राज्याचा हिस्सा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर आणला होता. त्याआधी काही दिवस तिथल्या एका खासदारांच्या तोंडून दक्षिणेच्या वेगळ्या देशाची भाषा निघाली आणि देशभर गदारोळ झाला. गदारोळात टक्केवारी मागे पडली, देशद्रोह पुढे आला. महाराष्ट्राचे आकडेही डोळ्यांपुढे ठेवावेत: २०११च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत सव्वानऊ टक्क्यांहून अधिक, १५व्या आयोगाच्या वाटपात ६.३१७ टक्के. बिहारला १०.०५८ टक्के. यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. त्या वाटपात सर्वाधिक, म्हणजे ४५ टक्के, वजन दरडोई उत्पन्नातल्या फरकाला होते आणि ते असायलाच हवे. बिहारची मुले आपलीही आहेत, शिवाय मुंबईच्या तिजोरीत पडणारा कर साऱ्या देशात झालेल्या व्यवहारांतून येतो. माझा आक्षेप केंद्राच्या उपकर आणि अधिभारांना आहे. ते वाटणीच्या रकमेत धरलेच जात नाहीत. आयोगाने नियम करावा आणि पैसा त्या नियमाबाहेरून वळवावा, ही पर्थला डिवचणारी जुनीच रीत आहे.

वाचकांना एक विनंती. वित्त आयोगाचे अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. फराळ आटोपला की त्यातले राज्यांच्या हिश्श्याचे प्रकरण एकदा वाचा, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला उपकर आणि अधिभारांबद्दल त्याची भूमिका विचारा. काय उत्तर मिळाले ते आम्हाला जरूर कळवा.