धर्म शिकायला विद्यापीठात जाऊ द्या

आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या वेळी जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. हायस्कूलच्या कॅफेटेरियात आपण सगळे जेवत होतो. कोणीतरी माझ्या लेकीला विचारलं, या सेमिस्टरला काय काय घेतलंयस? तिने कॉम्प्युटर सायन्सचे विषय सांगितले आणि म्हणाली, "वर्ल्ड रिलिजन्सही घेतलंय, आवडलं तर त्यातच मायनर करेन." टेबलावर हशा पिकला. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अगं, आपला धर्म शिकायला गोऱ्या मास्तराकडे फी भरून जायचं? घरची माणसं कशाला आहेत?" लेक म्हणाली, "मग तुम्ही सांगा ना काका. आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. त्यातला घोड्यावरचा कोण, त्याच्याबरोबरची बाई कोण, आणि खाली कुत्रा का?" काका म्हणाले, "असू दे, आधी जिलेबी घे."

काकांचं नाव घेत नाही. मला ते वडिलांच्या जागी आहेत, आणि मंडळाच्या पहिल्या गणपतीची मूर्ती त्यांनी सामानातून किती जपून आणली होती ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. शिवाय ते वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू असो, दिवाळीचा फराळ असो की कोणाची मुंज, एखाद्या मुलाने धर्माविषयी काही वाचायला घेतलं की कोणीतरी ते म्हणतंच: आपलं आपल्याकडे असताना परक्यांकडून काय शिकायचं? माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

विठ्ठल रामजी शिंदे कोणाकडून शिकले? जमखंडीच्या वारकरी घरातला हा मुलगा फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि १९०१ साली बोटीत बसून इंग्लंडला गेला. त्या काळात हुशार मुलगा विलायतेला जायचा तो आय.सी.एस. नाहीतर बॅरिस्टर व्हायला. शिंदे गेले ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला, आणि तेही युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. दोन वर्षं ते परक्यांच्या वर्गात बसले. १९०३ साली आम्सटरडॅमच्या परिषदेत त्यांनी भारतातल्या उदार धर्माविषयी निबंध वाचला आणि मायदेशी परतले. प्रार्थना समाजाचं काम हाती घेतलं, आणि १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. अस्पृश्यता हा धर्माचा प्रश्न आहे आणि तो धर्माच्या आत शिरूनच सोडवावा लागेल, हे ज्याला इतक्या लवकर आणि इतकं स्पष्ट दिसलं, त्याच्या नजरेत त्या दोन वर्षांचा वाटा नव्हता असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. आणि इतकं शिकून आपलं सुटलं म्हणावं, तर पुढे भागवत धर्माच्या विकासावर त्यांनीच लिहिलं.

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण तर याहून मोठं. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस, शाळेचं शिक्षण जेमतेम. बुद्धाविषयी वाचलेलं मनात घर करून बसलं, म्हणून १८९९ साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, पुढे श्रीलंका आणि ब्रह्मदेश. आपल्याच मातीत जन्मलेला धर्म शिकायला त्यांना समुद्रापलीकडच्या भिक्खूंच्या पायाशी बसावं लागलं, कारण इथे तो शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. १९१० साली हार्वर्डचं बोलावणं आलं आणि ते तिथे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनावर काम करू लागले. त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागलं. ग्रंथ छापून आला तो १९५० मध्ये, कोसंबी गेल्यावर. मधल्या काळात फर्ग्युसनमध्ये त्यांनी पाली शिकवली. मराठीत बुद्ध घरोघरी पोचला त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा किती, ते वाचकांना सांगायला नको.

या दोघांच्याही शिक्षणाला आणि कामाला बडोद्याच्या सयाजीरावांचा हातभार होता. १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवणारेही तेच. आपल्या माणसांनी बाहेर जाऊन शिकावं यात त्या मराठी राजाला कमीपणा वाटला नाही. आपण तर स्वतःच बाहेर येऊन राहिलो आहोत. मुलांनी इथल्या शाळेत इथल्या मास्तरांकडून गणित शिकावं, बायॉलॉजी शिकावी, नोकरी मिळवावी, हे सगळं आपल्याला हवं असतं. अडतं ते फक्त धर्मापाशी.

आता 'परके' म्हणजे कोण, तेही जरा पाहू. ॲन फेल्डहाउस यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवलं, आणि महानुभावांचे ग्रंथ, महाराष्ट्रातल्या नद्या, यात्रा, तीर्थक्षेत्रं यांवर उभं आयुष्य काढलं. शं. गो. तुळपुळे आणि त्यांनी मिळून प्राचीन मराठीचा शब्दकोश केला, तो १९९९ साली निघाला. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळ आणि चोखामेळा अमेरिकन मुलांना शिकवला. मॅक्सिन बर्नसन फलटणला राहिल्या, तिथेच शाळा उभी केली. झेलियट आणि बर्नसन या दोघींनी १९८८ साली हिंदू धर्माच्या अनुभवावर एक इंग्रजी पुस्तक संपादित केलं, त्यातले लेख सगळे महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरचे आहेत. इरावती कर्व्यांचा पालखीबरोबर चालण्यावरचा लेख त्यात आहे. वारकरी बायकांबरोबर चालताना, दिंड्या जातीजातींच्या वेगळ्या आहेत हे पाहून इरावतीबाईंना झालेलं दुःख माझ्या लेकीने प्रथम वाचलं ते इथे, इंग्रजीत, वर्गातल्या वाचनाच्या यादीत.

आणि तो घोड्यावरचा देव? हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या मागे धनगरांच्या वाड्यांवरून वर्षानुवर्षं फिरून ग्रंथ लिहिला, १९७६ साली. म्हाळसा कोण, बाणाई कोण, एक लिंगायत वाण्याची आणि दुसरी धनगराची का, देवाच्या पायाशी कुत्रा का, हे त्या मंडळींनी जेजुरीच्या पायऱ्या चढून, वाघ्यामुरळींशी बोलून विचारलं. आपण खोबरं-भंडारा उधळला, येळकोट केला, आणि हात जोडून खाली उतरलो. श्रद्धेत आपण कुठे कमी होतो असं मी म्हणत नाही. विचारणाऱ्याची हेटाळणी मात्र करू नये. मी लेकीबरोबर रा. चिं. ढेरे पुन्हा वाचले: तिच्या हातात फेल्डहाउसबाईंचं इंग्रजी भाषांतर आणि माझ्या हातात 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. पंढरीचा विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव होता हे ढेऱ्यांचं म्हणणं वाचून तिच्या मनातला विठोबा लहान झाला नाही. उलट आषाढीच्या उपासाला ती या वर्षी आपणहून बसली.

वर्ल्ड रिलिजन्ससारख्या अभ्यासक्रमांत दोष आहेत, ते मला दिसतात. पंधरा आठवड्यांत जगातले सगळे धर्म, म्हणजे हिंदू धर्माला दोन आठवडे, आणि त्यात वेद, उपनिषदं, गीता, जाती, संपलं. ही चाल जुनी आहे. ऑक्सफर्डच्या माक्स म्युलरने १८७९ पासून पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची माला काढली. ज्याच्याकडे ग्रंथ त्याचा धर्म, अशी ती मांडणी होती. म्युलर स्वतः भारतात कधी आला नाही. त्या मांडणीत आपल्या बोडणाला, जिवतीच्या कागदाला, नवरात्रातल्या घटाला जागा कुठून मिळणार? पण हा दोष वर्गाबाहेर राहून कसा सुटेल? वर्गात एक मराठी मुलगी असेल आणि ती हात वर करून म्हणेल की आमच्या घरी देव ग्रंथात नसतो, टाकात असतो, तर शिकवणाऱ्यालाही थांबावं लागेल. काही इंग्रजी पुस्तकांनी आपली मनं दुखावली हेही खरं. त्या रागातून जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि नासधूस झाली ती आपल्याच पोथ्या-पुस्तकांची. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच.

आपल्याला वाटतं, धर्माचा वर्ग म्हणजे चर्चचा वर्ग. तसं नाही. १९६३ साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात, धर्मांचा अभ्यास अभ्यास म्हणून करायला हरकत नाही, असंही म्हटलं. सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग पुढे वाढले ते त्या भेदावर. तिथे कोणी कोणाला बाटवत नाही.

आणि या वर्गाचं खरं देणं आपल्या धर्माच्या दोन आठवड्यांत नाहीच, उरलेल्या तेरांत आहे. लेकीला एका वेगळ्या प्रार्थनास्थळी जाऊन दिसलं ते लिहायचं होतं. ती मशिदीत गेली आणि घरी येऊन वजूचा क्रम सांगू लागली, आधी हात, मग चूळ, तोंड, पाय. मला माझ्या आईचं सोवळं आठवलं. पुढे गुरुद्वाऱ्यात लंगरला बसली, आणि घरी पंगतीचा विषय निघाला. माझ्या लहानपणी गावच्या उत्सवात पंगती जातवार बसत, हे मी तिला तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती खूप वेळ प्रश्न विचारत राहिली, आणि जमेल तितकी मी उत्तरं दिली. मग एका ज्यू मैत्रिणीकडे वल्हांडणाच्या जेवणाला गेली. तिथे घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे असतात, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? त्याला उत्तर दिल्याशिवाय जेवण पुढे जात नाही. प्रश्न हाच विधी! आणि हे आपल्याला नवं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, ते हाच सण पाळत आले. १८७४ साली पुण्यात त्या विधीचं पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं, आणि त्यातल्या चित्रात भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. हे मी लेकीला सांगितलं, तिने मैत्रिणीच्या आजीला. त्या आजींनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं.

प्रश्न विचारण्याची ही मोकळीक मुलांना विद्यापीठात मिळते आणि आपल्या रविवारच्या शाळेत मिळत नाही. तिथे आरत्या पाठ होतात, बाराखडी होते, शिवाजी महाराजांवर नाटुकलं बसतं. ते सगळं हवंच. पण मुलाने 'का' विचारलं की आपण घड्याळ बघतो. बाकी धर्मांच्या अभ्यासाच्या पदवीने नोकरी मिळते का, यावर मी वाद घालणार नाही. मुलं हा विषय दुसऱ्या विषयाच्या जोडीने घेतात, आणि पुढे डॉक्टर, वकील, नर्स होऊन रोज वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांसमोर उभी राहतात, तेवढं पुरे आहे.

लिहिता लिहिता स्वर चढला आहे, मला कळतंय. ज्यांनी थंडीत, बर्फात, दोन नोकऱ्या करून इथे देव आणले, सण टिकवले, त्यांना शिकवायची माझी पात्रता नाही. त्यांनी टिकवलं नसतं तर आमच्या मुलांना विचारायला टाकच उरले नसते. ज्येष्ठांच्या मनाला लागलं असेल तर क्षमा मागते. म्हणणं मात्र मागे घेत नाही.

कार्यकारिणीकडे एक मागणी आहे. मंडळाची शिष्यवृत्ती आज फक्त इंजिनीयरिंग, वैद्यकीय आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळते. त्या नियमात इतिहास, भाषा आणि धर्मांचा अभ्यास यांचा समावेश व्हावा. माझी लेक अर्ज करणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे शंका नको. दुरुस्तीचा मसुदा मी पाठवला आहे. वार्षिक सभेत तो मांडायला अनुमोदक लागतो, तेव्हा ज्यांना पटेल त्यांनी सभेआधी मला फोन करावा.