कुंपणच जेव्हा जीव घेते

विदर्भातील रानालगतच्या शिवारात धान निसवू लागले की दोन बातम्या हमखास येतात. एक, रानडुकरांनी उभे पीक लोळविल्याची. दुसरी, शेताच्या तारेला चिकटून कोणी दगावल्याची. त्या निरनिराळ्या स्तंभांत छापल्या जातात, म्हणून शहरातील वाचकास त्यांतील कार्यकारणभाव दिसत नाही, इतकेच.

पिकाभोवती विजेची तार ताणणे हे स्वतः पाप नव्हे. न्यूझीलंडमधील पशुपालक १९३० च्या दशकापासून अशा तारेने गुरे राखीत आले आहेत. त्या कुंपणात प्रवाह अखंड नसतो. बॅटरीवर चालणारे यंत्र सेकंदास सुमारे एकदा काही हजार व्होल्टचा, परंतु अत्यंत सूक्ष्म अवधीचा झटका देते. जनावर दचकते आणि मागे सरते. उलट, २३० व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकून ताणलेली तार धरलेला हात सोडीत नाही. स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. हजारांचा आकडा भयंकर आणि घरातील वीज तेवढी ओळखीची, हा समज म्हणूनच घातक होय.

मग शेतकरी हा मार्ग का धरतो? अज्ञान अथवा क्रौर्य हे उत्तर सोयीचे आहे, पुरेसे नाही. जन-वन विकास योजनेतून सौरकुंपणास अनुदान मिळते. पण यंत्र घरी आले म्हणजे कुंपण झाले असे नव्हे. चिनीमातीच्या वा प्लॅस्टिकच्या इन्सुलेटरवरून न नेता तार थेट बांबूला गुंडाळली, तर पहिल्या पावसात तो बांबूच प्रवाह पिऊन टाकतो. श्रावणात माजलेले गवत तारेला टेकते. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात वीतभरच रोवलेली असते. तारेत धाक उरला नाही हे डुकराच्या लौकरच ध्यानी येते, आणि रात्रभर जागल करून थकलेला कुणबी मग जवळच्या विजेच्या खांबाकडे पाहू लागतो. किरकोळ किमतीच्या इन्सुलेटरची हेळसांड अशी प्राणावर बेतते.

त्या तारेला पहाटे कोण लागतो? पाण्यावर निघालेला शेजारी, गुराखी, कधी तो शेतकरी स्वतःच. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ अशाच तारेने मेला. त्याची वार्ता देशभर गेली; मजुराची वार्ता सहसा जिल्ह्याबाहेर जात नाही.

वीजचोरीचा कायदा आहे, मनुष्यवधाचा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. त्यांचा बडगा जरूर उगारावा. परंतु तो बहुधा प्रेत सापडल्यावर उगारला जातो. त्याआधी करण्याजोगे बरेच आहे. धान निसवण्याच्या दिवसांत रानालगतच्या वाहिन्या रात्री तपासाव्यात. पिकाची भरपाई पुढील पेरणीपूर्वी हाती पडावी. आणि अनुदान यंत्राच्या नुसत्या पावतीवर न देता, उभ्या कुंपणाच्या अगदी टोकाच्या तारेवर व्होल्ट मोजून द्यावे. भर पावसाळ्यात ते पुन्हा मोजावेत. मोजणीचे उपकरण हातात मावण्याएवढे आहे. प्रत्येक तालुका कृषी कार्यालयात ते ठेवण्यास कोणती अडचण आहे, हे शासनाने सांगावे.