अणुकचरा आणि ग्रामसभा : ‘ऐकून घेतलं’ म्हणजे ‘संमती घेतली’ नव्हे!

कशेळे : अणुकचरा म्हटलं की आपल्याला वाटतं, कर्जत-खालापूरचा त्याच्याशी काय संबंध? अणुभट्ट्या तारापूरला, जैतापूरचा नियोजित प्रकल्प राजापूर तालुक्यात. पण घातक रासायनिक कचऱ्याचं केंद्र आपल्या शेजारी तळोज्यात आहेच. प्रश्न एकच : पुढच्या कैक पिढ्यांना बांधणारा निर्णय गावाला न विचारता घेता येतो का?

अणुकचरा हजारो वर्षं घातक राहतो. आपल्या देशात तो काचेत मुरवून देखरेखीखाली ठेवतात. कायमचं भूमिगत कोठार अजून एकही नाही. म्हणजे जागेचा प्रश्न आज ना उद्या येणारच.

फिनलंडमध्ये तो आधीच आला. तिथल्या कायद्यानुसार गावाच्या परिषदेने नकार दिला की विषय संपतो. युराजोकी परिषदेने २००० साली २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, मगच ४०० मीटरहून खोल कोठाराचं काम पुढे सरकलं.

आपल्याकडे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती लागते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालचं संपादन मात्र या अटीतून वगळलं गेलं. उरते ती जनसुनावणी. माडबनला मे २०१० मध्ये ती झाली, लोकांनी विरोध नोंदवला, तरी नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी मिळालीच. सुनावणीत तुमचं ऐकून घेतात, नकाराचा अधिकार देत नाहीत.

आपली अडचण आणखी एक. कर्जतमध्ये ठाकूर, कातकरी वाड्या कितीही असल्या, तरी रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे पेसा कायद्याचं बळ इथल्या ग्रामसभांना नाही. मात्र २००६ चा वनहक्क कायदा इथेही लागू आहे. त्याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. २०१३ मध्ये १२ च्या १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि खाण थांबली.

म्हणून वाडीचे सामूहिक वनहक्क दावे पूर्ण करून घ्या. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा गणपूर्तीला पुरतो. तेवढेही आपण जमत नसू, तर गावाच्या वतीने दुसराच कुणीतरी सही करणार. ठराव वहीत नीट लिहिला का ते बघा, त्याची नक्कल मागून घ्या. प्रकल्प दारात आल्यावर कागद शोधायला वेळ नसतो.