फसलेल्या नमुन्यांचा खर्च

केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. देशी कारखानदाराला त्यामुळे बाजारपेठ राखून मिळाली. कल्पकता मात्र सीमाशुल्काच्या नाक्यावर निपजत नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये खेळणाऱ्याला प्रतिसाद देणारे ‘गेम अँड वॉच’ हे चिमुकले यंत्र घडविले, ते कॅल्क्युलेटरसाठी स्वस्त झालेल्या पडद्याच्या आधारे. तंत्र जुनेच होते, उपयोग नवा. असा उपयोग कागदावर सिद्ध होत नाही. कच्चा नमुना करून मुलांच्या हाती द्यावा लागतो (त्यांच्याइतका निष्ठुर परीक्षक दुसरा नाही!) आणि त्यांनी फेकला की पुन्हा जुळवावा लागतो. मोठ्या कंपनीला हा खर्च सोसतो. लहान कारखानदाराचे भांडवल दोन नमुन्यांतच आटते. शुल्काच्या उत्पन्नातील काही वाटा नमुने घडविण्याच्या सामायिक कार्यशाळांना देण्यास अर्थखात्याची हरकत नसावी.