पाटी एक, याद्या दोन

मोहोळजवळ दोन मोठे रस्ते एकमेकांस मिळतात. एक पुण्याहून टेंभुर्णीमार्गे सोलापूरकडे जाणारा. दुसरा आळंदीहून पालखीच्या वाटेने, फलटण आणि पंढरपूर करीत येणारा. दोन्हींवरील वाहने आपापल्या वेगाने येतात आणि जोडावर आली की प्रश्न उभा राहतो : आधी कोणी जायचे? येथील बाजारपेठेतील व्यापारी घराण्यांना हा प्रश्न नवा नाही. भावाभावांच्या दोन पेढ्या एक करण्याचे ठरते. गोदामातील माल मोजला जातो, खतावण्या ताडून पाहिल्या जातात, देणे-येणे निघते, जुन्या दोन पाट्या उतरून नवी पाटी चढते. मात्र दोन्हीकडचे दोन दिवाणजी, दोघेही वीस-बावीस वर्षांचे जुने, यांपैकी गादीशेजारी कोणी बसायचे, या प्रश्नावर बहुधा एकच उत्तर मिळते : "ते पुढे पाहू."

हे "पुढे पाहू" किती महाग पडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून सरकारच्या दोन कंपन्या होत्या. एअर इंडिया प्रामुख्याने परदेशी जाई; इंडियन एअरलाइन्स प्रामुख्याने देशांतर्गत सेवा देई. एकीचा भर बोइंग विमानांवर, दुसरीचा एअरबसवर. वैमानिकांच्या संघटनाही दोन : एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. ऑगस्ट २००७ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या. विमानांवर एकच नाव आले. वैमानिकांच्या ज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोनच राहिल्या.

वैमानिकाच्या आयुष्यात या यादीचे महत्त्व काय, हे जाणल्याशिवाय पुढचे भांडण उमगत नाही. यादीतील क्रमांकावर सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार, हे ठरते. कोणत्या विमानाचे प्रशिक्षण मिळणार, हेही त्यावरच. एका प्रकारचे विमान चालविणाऱ्याला दुसऱ्या प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व परवानगी लागते आणि मोठ्या विमानावर वेतनही मोठे असते. म्हणून यादीत शंभर माणसे पुढे घुसली, तर मागच्याची कित्येक वर्षे गेली असे समजावे. पेढीवर दिवाणजीला नुसती बसण्याची जागा बदलल्याचे दुःख होते. येथे जागेबरोबर उभ्या आयुष्याची कमाई बदलत होती.

पहिली ठिणगी वेतनावरून पडली. पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या मिळकतीचा मोठा भाग प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून होता. एअर इंडियाच्या वैमानिकांना ठरावीक तासांच्या भत्त्याची हमी होती. एकाला पगार आणि दुसऱ्याला दलाली, असाच हा भेद होता. धंदा मंदावला, उड्डाणे घटली, की दलालीवाल्याच्या घरात आधी अंधार होतो. समान कामाला समान वेतन द्या, अशी मागणी करीत ते २७ एप्रिल २०११ पासून संपावर गेले. दहा दिवस देशांतर्गत सेवा कोलमडली. ६ मे रोजी संप मिटला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती जुळविण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. पाट्या बदलून तेव्हा साडेचार वर्षे होत आली होती.

तोवर कंपनीची अवस्था बिकट झाली होती. पगार आणि भत्ते महिनोन्‌महिने थकत होते. १२ एप्रिल २०१२ रोजी केंद्र सरकारने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. २०२०-२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने सुमारे तीस हजार कोटी रुपयांचे भांडवल मिळणार होते; मात्र कामगिरीची ठरलेली उद्दिष्टे कंपनीने गाठावीत, अशी अट होती. सावरण्याची एवढी संधी पुन्हा येणार नव्हती. आणि नेमक्या याच वेळी दुसरा संप झाला.

या वेळी वादाचे कारण होते ड्रीमलायनर विमान. अशा सत्तावीस विमानांची मागणी जुन्या एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वीच नोंदविली होती. त्यांचे प्रशिक्षण दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना द्यावे, असे व्यवस्थापनाने ठरविले. गिल्डचे म्हणणे असे, की ही विमाने आमच्यासाठी घेतली, आमच्या बढत्या आधीच रखडल्या आहेत. त्यात आणखी वाटेकरी आले तर आम्ही कमांडर व्हायचे केव्हा? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की कंपनी एक, तोटा दोघांचा आणि कात्रीही दोघांच्या पगाराला. मग नव्या विमानांवरच हक्क एकाचा का? दोन्ही म्हणणी ऐकली तर एकही खोटे ठरत नाही. ७ मे २०१२ च्या रात्रीपासून गिल्डचे वैमानिक आजारपणाच्या रजा टाकून घरी बसले. दिल्ली उच्च न्यायालयाने संपास मनाई केली, शंभरहून अधिक वैमानिकांना कामावरून काढण्यात आले, परदेशी उड्डाणे रद्द होत गेली. संप ३ जुलै रोजी, अठ्ठावन्न दिवसांनी मागे घेतला गेला. पहिले ड्रीमलायनर सप्टेंबरमध्ये उतरले, तेव्हा ज्या प्रवाशांनी तिकिटाचे पैसे मोजायचे, त्यांतील कितीतरी दुसऱ्या कंपन्यांकडे गेलेले होते.

एअर इंडियाचा तोटा केवळ वैमानिकांमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच वेळी दिलेली शंभराहून अधिक विमानांची मागणी, त्यासाठीचे कर्ज, इंधनाचे चढते दर आणि खासगी कंपन्यांची स्पर्धा ही कारणे मोठी होती. परंतु आजारी माणसाच्या उशाशी दोन नातेवाईक औषधाच्या बाटलीवरून भांडू लागले, तर दुखणे त्यांनी आणले नसले तरी ते वाढविण्याचा दोष त्यांना लागतोच. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवरील कर्ज ६१ हजार कोटींच्या पुढे गेले होते. त्याच वर्षी टाटा समूहाची १८ हजार कोटींची बोली मान्य झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी त्यांच्या हाती गेली. दोन्ही संघटना ज्या सरकारी घरातील वाट्यासाठी झगडल्या, ते घर सरकारचे राहिले नाही.

यापुढचा भाग अधिक बोलका आहे. करोनाच्या काळात २०२० मध्ये भत्त्यांना कात्री लागली, तेव्हा याच दोन संघटना एकत्र येऊन सरकारकडे दाद मागू लागल्या. २०२३ मध्ये नव्या मालकांनी आणलेल्या वेतनकरारालाही दोघींनी मिळून विरोध केला. आठ-नऊ वर्षांपूर्वी हेच बळ एका टेबलाशी बसले असते, तर यादीचा प्रश्न घरातच सुटण्याची आशा होती.

आणि तरीही धडा पुरता गिरविला गेला नाही. विस्तारा ही कंपनी एअर इंडियात मिळणार असे ठरल्यावर तिच्या वैमानिकांना नवी वेतनरचना देण्यात आली. पूर्वी सत्तर तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित असे. ते चाळीस तासांवर आले. एप्रिल २०२४ मध्ये अनेक वैमानिक रजेवर गेले आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली. ज्येष्ठतेची यादी कशी जुळणार, ही धास्तीही तीच होती. विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पार पडले. त्याची किंमत प्रवाशांनी सहा-सात महिने आधीच विमानतळावर तिष्ठत मोजली होती.

मोहोळच्या पेढीवर विमाने नाहीत, परंतु दिवाणजी आहेत, तोलार आहेत, दुकान सांभाळणारे पुतणे आणि धाकट्या सुनाही आहेत. दोन घरांचा व्यापार एक करताना, किंवा अडचणीतील पेढी सावरताना, चार गोष्टी नवी पाटी चढण्यापूर्वीच कागदावर याव्यात. कोणाची ज्येष्ठता कोठून मोजायची. एकाच कामाचा मोबदला दोघांना एकच मिळणार की नाही, आणि नसेल तर किती वर्षे. तोट्याच्या काळात कात्री आधी कोणाच्या वाट्याला लागणार. ती गादीपासून सुरू झाली तर खालचा माणूस ती निमूटपणे सोसतो. आणि वाद उद्भवलाच तर दोन्ही बाजूंना मान्य असे कोणाचे म्हणणे अखेरचे. या चार ओळी लिहिताना एखादी संध्याकाळ कडवट होईल, कोणी ताटावरून उठूनही जाईल. पण त्या संध्याकाळी लिहावयाचे ते साडेचार वर्षांनी लिहावे लागले, तर लेखणी बहुधा परक्याच्या हाती असते.