चित्र कोणाचे, हक्क कोणाचा?

कर्जतहून घाट चढला की लोणावळ्यापलीकडे मळवली लागते. राजा रविवर्म्याचा, १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे येथेच आला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो विकला गेला, तेव्हा चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर गेले. आज कर्जत-खालापुरातील चित्रकार आपले चित्र आंतरजालावर केवळ दाखवण्यास ठेवतो, विकत नाही. तरी ते नाव पुसून कोणाच्या लग्नपत्रिकेवर झळकू शकते. वस्तुतः १९५७ चा कायदा त्याच्याच बाजूचा आहे. हक्कासाठी नोंदणी लागत नाही. लेखी करारावाचून तो दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांचीच. आणि हक्क विकला तरी कर्तेपण चित्रकाराचेच. तेव्हा ‘खुशाल पाहा, छापण्यापूर्वी विचारा’ ही त्याची अट आगाऊपणाची नव्हे. अडचण निराळीच आहे. दाद मागण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि एका लग्नपत्रिकेपायी ती कोण चढणार?