पोरं तुमच्याकडे बघतायत!

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा महिना येतो. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, रॅली निघते, पहिलीतली पोरं 'लाल म्हणजे थांबा' असं एका सुरात म्हणतात. आणि शाळा सुटल्यावर त्यांना न्यायला कोण येतं? बऱ्याचदा तुम्हीच! कॉलेजवाला दादा किंवा ताई. हेल्मेट डिकीत, छोटू स्कूटीवर पुढे उभा. सिग्नलला पाच सेकंद बाकी, पोलीस दिसत नाहीत... निघालात! शाळेत शिकवलेलं सगळं तिथेच पुसलं गेलं.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला हेल्मेट, चालकाला जोडणारा सेफ्टी हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे?

बरं, नुसता नियम पाठ करून भागत नाही. लहान मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येतेय हे नीट कळत नाही. पार्क केलेल्या गाड्यांच्या आड तर ते ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणून त्याला हात धरून, रोजच्याच रस्त्यावर, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. आपण डाव्या बाजूने गाड्या चालवतो, त्यामुळे पहिला धोका उजवीकडून येतो. आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, परत उजवीकडे. मग त्यालाच विचारा, "आता जायचं का? का नको?" उत्तर त्याला शोधू द्या. हात मात्र सोडू नका.

तुम्ही म्हणाल, झेब्रा क्रॉसिंगवर कुणी थांबत नाही, फुटपाथ चालायला मोकळे नाहीत. खरंय. महापालिकेला त्याचा जाब विचारायलाच हवा. पण रस्ते सुधारेपर्यंत पोरं घरात बसणार नाहीत, उद्याही शाळेत जाणारच आहेत.

तेव्हा उद्या छोटूला आणायला जाताना त्याच्या मापाचं हेल्मेट सोबत घ्या. आणि त्याआधी स्वतःचं डोक्यावर चढवा. तो बघतोय!